उघडा कोड, मोजके हात

फोनवर एकाने ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असं लिहिलं आणि दुसऱ्याने ‘दर्या खवळला’ असं लिहिलं, तर पडद्यावर दोन्ही ठिकाणचा ‘र’ वेगळा उमटतो. पहिल्या शब्दात तो ‘या’च्या अंगाला चिकटलेला छोटा आडवा वळसा असतो, दुसऱ्यात डोक्यावरचा रफार. हिंदीला या फरकाची गरज पडत नाही, मराठीचं मात्र त्याशिवाय पानही हलत नाही. फोनच्या साठवणीत यातली कोणतीही आकृती नसते. तिथे फक्त ओळीने मांडलेले क्रमांक असतात: द, ऱ, पाय मोडल्याची खूण, य, काना. ‘कि’ लिहिलं तर आधी ‘क’ साठवला जातो आणि मग वेलांटी, पण दाखवताना ती वेलांटी उचलून डावीकडे न्यावी लागते. कुठलं अक्षर अर्धं करायचं, कशावर रफार चढवायचा, कुठली खूण कुठे सरकवायची, हे या क्रमांकांवरून ठरवणारा एक प्रोग्रॅम अँड्रॉइड फोनमध्ये, फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये बसलेला असतो. त्याचं नाव हार्फबझ.

मूळचे इराणचे बेहदाद इस्फहबोद आणि त्यांच्याबरोबरच्या प्रोग्रॅमरांनी हा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं खपून घडवला. अरबी-फारसी लिपीतली जोडणीही देवनागरीसारखीच किचकट, त्यामुळे आपली अडचण त्यांना परकी नव्हती. हार्फबझचा कोड कुणालाही वाचता येतो, कुणालाही वापरता येतो. मराठी वाचणाऱ्या कोट्यवधी लोकांनी त्यासाठी कुठे अर्ज केला नाही की पैसे भरले नाहीत. यातल्या बहुतेकांना तो अस्तित्वात आहे हेही ठाऊक नाही.

ओपन सोर्सचं सगळं सामर्थ्य या एका उदाहरणात आहे, आणि त्याचं दुखणंही याच्याच पोटात आहे. कोड सगळ्यांचा असल्यामुळे तो कुणी एक मालक बंद करू शकत नाही. आणि कोड सगळ्यांचा असल्यामुळेच तो सांभाळण्याची सक्ती कुणावरही नसते. या प्रकरणात फायदे आणि तोटे अशा दोन वेगळ्या याद्या करण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण जवळपास प्रत्येक फायद्याच्या मागे त्याच कारणातून निघालेला तोटा उभा असतो.

आधी थोडं मूळ समजून घेऊ. प्रोग्रॅमर लिहितो तो मजकूर माणसाला वाचता येतो. तो सोर्स कोड. संगणक चालवतो ते त्याचं यंत्राच्या भाषेतलं रूप, आणि ते वाचून मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळवता येत नाही. विकत घेतलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आपल्या हाती हे दुसरं रूपच येतं. ओपन सोर्समध्ये मूळ मजकूरही मिळतो आणि त्यासोबत एक लेखी परवाना मिळतो: वापरा, वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, हवं तर विका. काही परवान्यांत एक कडक अट असते. बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात तर तुमचा बदललेला कोडही याच हक्कांसह द्यायचा. जीपीएल नावाचा परवाना हा या कुळातला सर्वांत प्रसिद्ध. एमआयटी किंवा अपाची परवाने सैल आहेत. मूळ लेखकांची नोंद ठेवा आणि मग तो कोड आपल्या बंद उत्पादनात घातलात तरी चालेल, असं ते सांगतात.

जीपीएलमागे रिचर्ड स्टॉलमन यांचा हट्ट आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ते काम करत असताना तिथल्या प्रिंटरमध्ये कागद अडकत असे. जुन्या प्रिंटरच्या कोडमध्ये स्टॉलमन यांनी फेरफार केला होता, त्यामुळे कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जाई. पुढे झेरॉक्सने नवा लेझर प्रिंटर दिला, पण त्याचा कोड दिला नाही. ज्याच्याकडे तो होता त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाने गुप्ततेचा करार दाखवून नकार दिला. दुरुस्ती करण्याची कुवत अंगात आहे आणि तरी हात बांधलेले आहेत, हे स्टॉलमन यांना सहन झालं नाही. 1983 मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि 1989 मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली. 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टॉर्व्हाल्ड्स हा 21 वर्षांचा विद्यार्थी लिनक्सचा गाभा लिहू लागला आणि पुढच्याच वर्षी त्याने तो जीपीएलखाली आणला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी तो गाभा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सखेरीज दुसरं काही दिसत नाही.

ही झाली मोठी गोष्ट. मराठीला त्यातून काय मिळालं हे समजायला आपल्याकडची डीटीपीची वर्षं आठवावी लागतात. 1990 च्या दशकापासून पुढची बरीच वर्षं मराठी मजकूर संगणकावर टाइप होत होता, पण प्रत्येक कंपनीच्या फाँटची अंतर्गत मांडणी वेगळी होती. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले असत: काना एका जागी, अर्धा ‘स’ दुसऱ्या जागी, रफार तिसरीकडे. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तोच फाँट नसला, तर पडद्यावर दिसे ती रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम आणि डोक्यावर टोप्या चढवलेले स्वर यांची खिचडी. काही पॅकेजांना संगणकाच्या मागे लावायचं ‘लॉक’ लागे. ते हरवलं की स्वतःच टाइप करून घेतलेलं पुस्तक स्वतःलाच उघडता येत नसे. प्रकाशकांच्या कपाटांत अशा सीडी अजूनही सापडतात. मजकूर लेखकाचा, पैसे प्रकाशकाचे, मेहनत ऑपरेटरची, आणि किल्ली तिसऱ्याच कुणाच्या हातात.

या गोंधळातून वाट काढली ती युनिकोडने. युनिकोड हे सॉफ्टवेअर नाही. कुठल्या अक्षराला कुठला क्रमांक, हे ठरवणारं ते मानक आहे. पण नुसतं मानक कागदावर असून भागत नाही. ते पाळणारे फाँट, कीबोर्ड, ब्राउझर आणि अक्षरजोडणीचे प्रोग्रॅम सगळीकडे पोचावे लागतात. इथे ओपन सोर्सने मोठं काम केलं. लोहित फाँट पूर्वीपासून लिनक्सबरोबर येत होते. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने मुक्ता आणि बालू यांसारखे फाँट खुल्या परवान्याखाली दिले आणि आज मराठी संकेतस्थळांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, दुकानांच्या पाट्यांवर ते दिसतात. खुल्या फाँटचा एक फायदा मराठीच्या बाबतीत फार खरा आहे. आपला ‘ल’ आणि आपला ‘श’ हिंदीत रूढ असलेल्या आकारांहून वेगळा. फाँटमध्ये मराठी वळण नसेल, तर ते आखून घालण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो. परवानगीसाठी कुठल्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही.

छापील पानावरून मजकूर ओळखणाऱ्या टेसरॅक्टची कथाही अशीच. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत 1980 च्या दशकात तो सुरू झाला, मग बरीच वर्षं पडून राहिला. कंपनीने 2005 मध्ये त्याचा कोड खुला केला, गूगलने पुढे त्यात माणसं आणि पैसा घातला आणि आज तो मराठीही वाचतो. कंपनीच्या फडताळात पडून असता तर तो तिथेच संपला असता.

ग्रंथालयाच्या मंडळींना ‘कोहा’ हे नाव नवं नाही. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या लहानशा भागातल्या ग्रंथालयाला 1999 मध्ये नवी प्रणाली हवी होती, कारण जुनी 2000 साल उजाडताना कोलमडणार होती. विकतच्या प्रणाली परवडण्यासारख्या नव्हत्या. मग त्यांनी एका कंपनीकडून ती लिहून घेतली, जानेवारी 2000 मध्ये सुरू केली आणि कोड सगळ्यांसाठी खुला केला. एका छोट्या भागाच्या गरजेतून निघालेली ही प्रणाली आज भारतातल्या शेकडो महाविद्यालयांची ग्रंथालयं चालवते आणि त्यांत महाराष्ट्रातलीही आहेत. पुस्तकांच्या नोंदी जागतिक ग्रंथालय-मानकात साठवलेल्या असल्यामुळे उद्या कोहा सोडायचं ठरलं तरी लाखभर नोंदी पुन्हा टाइप कराव्या लागत नाहीत. माझ्या मते हा ओपन सोर्सचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित फायदा आहे. लोक आधी किंमत विचारतात. खरं तर आधी विचारायला हवं ते हे, की बाहेर पडायचं झालं तर आपली माहिती आपल्यासोबत बाहेर पडेल का.

पण याच ग्रंथालयांत दुसरी बाजूही दिसते. कोहा बसवून देणारा हौशी प्राध्यापक किंवा तरुण ग्रंथपाल बदलून जातो. मग सर्व्हरचा पासवर्ड एका जुन्या वहीत राहतो, बॅकअप घेणारं कुणी नसतं, आवृत्ती चार-पाच वर्षं जुनी होते. सॉफ्टवेअरला पैसे लागले नाहीत म्हणून अंदाजपत्रकात त्याच्या नावाची ओळच नसते, आणि ओळ नाही म्हणून देखभालीला रुपयाही मिळत नाही. परवान्याचा खर्च शून्य असला तरी चालवण्याचा खर्च शून्य नसतो: सर्व्हर, वीज, प्रशिक्षण, आणि मुख्य म्हणजे समजणारा एक माणूस. बंद सॉफ्टवेअरमध्ये हा खर्च परवान्याच्या किमतीत मिसळलेला असतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

हा खर्च समजून उभा राहिलेला व्यवसाय पाहायचा तर मुंबईतल्या फ्रापेकडे पाहावं. रुषभ मेहता यांनी सुरू केलेल्या या कंपनीचं ‘ईआरपीनेक्स्ट’ हे हिशोब, साठा, पगार, विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएलखाली खुलं आहे. कुणीही ते उतरवून घेऊन स्वतःच्या कारखान्यात चालवू शकतो. कंपनीची कमाई होते ती ते चालवून देण्यातून आणि आधार देण्यातून. लहान कारखानदाराच्या दृष्टीने यात मोठी सुटका आहे. सेवा आवडली नाही तर सेवा देणारा बदलता येतो, सॉफ्टवेअर तेच राहतं.

म्यूनिक शहराची हकीकत मात्र कोणाही ओपन सोर्सप्रेमीने नीट लक्षात ठेवावी. 2003 मध्ये तिथल्या नगर परिषदेने विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं. दहा वर्षांत सुमारे 15,000 संगणक बदलले गेले. जगभर त्याचा दाखला दिला जात होता. 2017 मध्ये त्याच परिषदेने परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. राजकारण त्यात होतंच, पण कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही खऱ्या होत्या. शेजारच्या कार्यालयांतून येणाऱ्या फाइली मायक्रोसॉफ्टच्या होत्या, त्या उघडताना मांडणी बिघडे, आणि काही खास कामांची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालतच नसत. एक कार्यालय बदलून भागत नाही. ज्यांच्याशी रोजचा व्यवहार आहे ते सगळे जागच्या जागी असतील तर बदललेल्यालाच त्रास होतो.

आपल्याकडच्या छपाईत तेच घडलं. स्क्राइबस हे पानं लावण्याचं खुलं सॉफ्टवेअर इंग्रजीसाठी कितीतरी वर्षं चांगलं होतं, पण मराठीची जोडाक्षरं त्यात तुटत. हार्फबझच्या आधाराने ती जोडण्याची सोय आधी विकासाच्या 1.5 मालिकेत आली आणि ती सामावणारी 1.6 ही स्थिर आवृत्ती 2024 मध्ये. तोवर आपले डीटीपीवाले दुसरीकडे हात बसवून मोकळे झाले होते. ज्या भाषेचे प्रोग्रॅमर प्रकल्पात नाहीत, त्या भाषेचं काम सर्वांत शेवटी होतं. यात कुणाचा दुस्वास नसतो. स्वयंसेवक स्वतःला टोचतं ते आधी दुरुस्त करतो, आणि त्याला आपला ‘ऱ्या’ टोचत नाही.

आता सुरक्षिततेकडे वळू, कारण वाद सर्वांत जास्त इथेच होतो. ओपन सोर्सचे पुरस्कर्ते म्हणतात, कोड उघडा असला की तो हजारो लोक पाहतात आणि चुका लपून राहत नाहीत. एरिक रेमंड यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस हा विचार मांडला आणि तो फार लोकप्रिय झाला. तर्क चांगला आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे. पाहता येणं आणि कुणी पाहत असणं यांत अंतर आहे.

एप्रिल 2014 मध्ये ‘हार्टब्लीड’ने ते अंतर दाखवून दिलं. ब्राउझर आणि बँकेचं संकेतस्थळ यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवण्यासाठी जगातल्या असंख्य सर्व्हरांवर ओपनएसएसएल नावाचा खुला प्रोग्रॅम वापरला जातो. त्यात जोडणी जिवंत आहे ना हे तपासायची एक सोय होती. एका बाजूने म्हणायचं: हा शब्द घे, त्याची लांबी इतकी, तो मला परत पाठव. समजा कुणी चार अक्षरांचा शब्द पाठवला आणि लांबी मात्र 64 हजार सांगितली, तर? सर्व्हर ते पडताळत नव्हता. तो ती चार अक्षरं परत पाठवी आणि त्यांच्या शेजारी स्मृतीत जे काही असेल ते 64 हजारांची भरती होईपर्यंत देत राही. त्यात कुणाचा पासवर्ड असे, कधी खुद्द सर्व्हरची गुप्त किल्लीही. चूक एका तपासणीची होती. मार्च 2012 मध्ये आलेल्या आवृत्तीत ती शिरली आणि दोन वर्षं उघड्या कोडमध्ये सगळ्यांसमोर पडून राहिली. गूगलचे नील मेहता आणि फिनलंडची कोडेनोमिकॉन ही कंपनी अशा दोघांना ती वेगवेगळी सापडली.

त्यानंतर लोकांनी पाहिलं की हा प्रोग्रॅम सांभाळतं कोण. पूर्णवेळ काम करणारा जवळपास एकच माणूस आणि वर्षाला सुमारे 2,000 डॉलर देणग्या. ज्यावर बँका, दुकानं, सरकारं विसंबून होती, त्याच्या राखणीला एवढीच माणसं आणि एवढाच पैसा. हे वाचून संताप आला नाही तर नवल. त्या चुकीनंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभा केला, पण तो उभा करायला आधी दुर्घटना व्हावी लागली.

दहा वर्षांनी याहून भयंकर प्रसंग थोडक्यात टळला. एक्सझेड हा फाइली दाबून लहान करण्याचा साधा प्रोग्रॅम. बहुतेक लिनक्स संगणकांवर तो असतो आणि कुणाचं त्याच्याकडे लक्षही जात नाही. फिनलंडचे लासे कोलिन तो कित्येक वर्षं जवळजवळ एकटे सांभाळत होते. 2021 पासून ‘जिया तान’ नावाने कुणीतरी चांगल्या, नेटक्या दुरुस्त्या पाठवू लागलं. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी कोलिन यांच्यावर दबाव सुरू केला: काम फार मंद चाललंय, जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. त्यांतलं एक नाव जिगर कुमार असं भारतीय वाटणारं होतं. आपली तब्येत साथ देत नाही आणि हे बिनपगारी, छंदाचं काम आहे, असं कोलिन यांनी जाहीरपणे कळवलं. हळूहळू जिया तानकडे अधिकार गेले. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या 5.6.0 या आवृत्तीत चोरदरवाजा होता. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी जी एसएसएच सेवा जगभर वापरतात, तिच्यात ठरावीक किल्लीवाल्याला थेट घुसता यावं अशी ती योजना होती.

चोरदरवाजा लपवला होता तो चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या म्हणून दाखवलेल्या फाइलींत. त्याला जागं करणारा तुकडा प्रकल्पाच्या उघड्या नोंदींत नव्हता. वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यातच होता. म्हणजे कोड वाचणाऱ्यालाही तो दिसला नसता. उघडकीला आला तो आंद्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे फ्रॉइंड पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसचे जाणकार. त्याचा वेग मोजत असताना त्यांना दिसलं की संगणकात शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी एवढ्याकडे पाहिलं नसतं. फ्रॉइंड मागे लागले, एकेक थर सोलत एक्सझेडपर्यंत पोचले आणि 29 मार्च 2024 रोजी त्यांनी सगळं जाहीर केलं. तोवर ती आवृत्ती डेबियन आणि फेडोराच्या फक्त चाचणीच्या शाखांत गेली होती. काही महिने गेले असते तर ती जगभरच्या सर्व्हरांवर पोचली असती.

या घटनेवरून दोन्ही बाजूंचे लोक आपापला निष्कर्ष काढतात. कुणी म्हणतं, पाहा, कुणीही येऊन विष कालवू शकतं. कुणी म्हणतं, पाहा, उघडं होतं म्हणून सापडलं. दोन्ही खरं आहे आणि मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते तिसरंच. हल्ला कोडवर झाला नाही, एका थकलेल्या माणसावर झाला. कोलिन यांच्या जोडीला पगारी दोन माणसं असती, तर ‘जमत नसेल तर सोडा’ हा दबाव चाललाच नसता. आणि फ्रॉइंड यांना मागोवा घेता आला तो आतला प्रत्येक थर उघडून पाहता आला म्हणूनच; बंद सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या हाती फक्त तक्रारीचा क्रमांक पडला असता.

चूक सापडली आणि दुरुस्तीही मिळाली, तरी गोष्ट संपत नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या कंपनीतून सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले ते अपाची स्ट्रट्स या खुल्या प्रोग्रॅममधल्या फटीतून. त्या फटीची दुरुस्ती मार्चमध्येच फुकट उपलब्ध झाली होती. चोरी मेमध्ये सुरू झाली. दोन महिने ती दुरुस्ती बसवलीच गेली नाही. बंद सॉफ्टवेअरचा विक्रेता निदान पाठीमागे लागून आठवण करतो. इथे आपणच जागं राहायचं.

शिवाय आजचा कुठलाही प्रोग्रॅम शेकडो लहान खुल्या तुकड्यांवर रचलेला असतो आणि ते तुकडे कुणाचे हे रचणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मार्च 2016 मध्ये एका प्रोग्रॅमरने नावाच्या वादातून चिडून आपले तुकडे सार्वजनिक भांडारातून काढून घेतले. त्यातला ‘लेफ्ट-पॅड’ जेमतेम 11 ओळींचा. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरायची, इतकंच त्याचं काम. पण त्यावर विसंबलेले हजारो प्रकल्प त्या दिवशी बांधता येईनात.

आणखी एक धोका अलीकडे वाढला आहे. कंपनी आधी कोड खुला करते, जगभरचे लोक तो घडवायला हातभार लावतात, आणि बस्तान बसलं की कंपनी परवाना आवळते. हॅशिकॉर्प कंपनीने 2023 मध्ये टेराफॉर्म या आपल्या प्रोग्रॅमबाबत तेच केलं, रेडिस कंपनीने 2024 मध्ये. पण इथेच ओपन सोर्सचं खरं बळ कामाला आलं. आधीच्या परवान्याखालचा कोड परत घेता येत नाही. लोकांनी शेवटची खुली प्रत उचलली आणि ओपनटोफू, वाल्की या नावांनी काम पुढे चालू ठेवलं. असं वेगळं निघणं खर्चिक असतं आणि माणसं विभागली जातात, तरीही दार बंद करणाऱ्याला ते पूर्ण बंद करता येत नाही.

तर मग पैसा कुठून यावा? लिनक्सच्या गाभ्याचा प्रश्न सुटला आहे. तो घडवणारे बहुतेक जण आज मोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. अडचण आहे ती एक्सझेडसारख्या, नाव न झालेल्या प्रोग्रॅमांची. जर्मनीने 2022 मध्ये अशा पायाभूत खुल्या प्रोग्रॅमांसाठी सरकारी निधी सुरू केला. आपल्याकडे झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये दरवर्षी 10 लाख डॉलर देण्याचा ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला. ज्या कंपनीचा सगळा डोलारा खुल्या सॉफ्टवेअरवर उभा आहे तिने हे करणं मला फार योग्य वाटतं, आणि आपल्या इतर मोठ्या कंपन्या या वाटेला लागत नाहीत याचं वाईट वाटतं. केंद्र सरकारने 2015 मध्ये धोरण जाहीर केलं, त्यात सरकारी प्रणालींसाठी ओपन सोर्सला पसंती देण्याचं म्हटलं आहे. वापराचं धोरण आलं. जे वापरतो ते सांभाळणाऱ्यांना काय द्यायचं, याचीही तरतूद त्याच्या जोडीला यायला हवी.

एखाद्या शाळेने, सहकारी पतपेढीने किंवा छोट्या प्रकाशनाने ओपन सोर्स घ्यावं का, असं कुणी विचारलं तर मी ‘घ्या’ म्हणेन, पण आधी काही गोष्टी पाहायला सांगेन. प्रकल्पाच्या नोंदी उघड्या असतात, त्या पाहाव्यात. शेवटचा बदल कधी झाला? बदल करणारा एकच माणूस आहे की दहा-वीस? तक्रारींना उत्तरं मिळतात का? आपली माहिती बाहेर काढून दाखवा, असं बसवून देणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावं आणि ती बाहेर निघालेली फाइल स्वतः उघडून पाहावी. अडचण आली तर पैसे देऊन मदत घेता येईल असा माणूस किंवा संस्था आपल्या गावात नाही तर निदान फोनवर आहे का, हेही पाहावं. आणि परवान्याच्या वाचलेल्या पैशांतला काही भाग देखभालीच्या नावाने वेगळा मांडून ठेवावा.

कोड लिहिता येत नाही म्हणून आपण यात काही करू शकत नाही, असा समज आपल्याकडे फार आहे. मराठीचा ‘ऱ्या’ कुठल्या प्रोग्रॅममध्ये तुटतो, कुठला शुद्धलेखन-तपासनीस ‘दऱ्या’ला चूक ठरवतो, कुठल्या फाँटमध्ये ‘ल’ परका दिसतो, हे ओळखायला मराठी येणारा डोळा लागतो, आणि तो हार्फबझ किंवा स्क्राइबसच्या प्रोग्रॅमरांकडे नाही. तक्रार नोंदवताना प्रोग्रॅमची आवृत्ती लिहावी, फाँटचं नाव लिहावं, पडद्याचं चित्र जोडावं, आणि अक्षर नेमकं कसं दिसायला हवं ते शेजारी बरोबर उमटलेल्या अक्षराच्या चित्राने दाखवावं. बाकीचं पत्र साध्या इंग्रजीत चालतं. बिघडलेला शब्द मात्र देवनागरीतच, चित्र म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून चिकटवावा, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला ते क्रमांक जसेच्या तसे हाती मिळतात.